भुईमुगाचा शेंडेमर वाण बदलून आटोक्यात आला

पेडण्यात भात कापल्यावर आम्ही भुईमूग घालतो, तोही वर्षानुवर्षं जेएल-२४ या वाणाचा. शेंडे काळे पडून जळायचे, नवी पानं बारीक आणि पिवळ्या ठिपक्यांची, झाड खुरटून झुडूप. हा विषाणूजन्य शेंडेमर, फुलकिडे पसरवतात. धरलेल्या झाडाला औषधच नाही. दुकानदार मात्र दर खेपेला नवी बाटली काढायचा!

यंदा अर्ध्या शेतात आयसीजीएस-११ घातला. बी दाट टोकलं, मधून बाजरीच्या ओळी. जेएल-२४ नेहमीसारखाच जळला; नव्या वाणात मेलेला शेंडा शोधावा लागत होता. रोग लागतच नाही असं नव्हे, पण झाड सोसतं. विरळ उगवलेल्या कोपऱ्यात तिथंही झाडं गेली, म्हणून आता नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या रिकाम्या जागा, लगेच भरतो.