होमस्कूलिंग करताय? मुलांच्या वाचनात या चुका टाळा

मूल अडखळत वाचतंय म्हटलं की घरोघरी उपाय ठरलेला, अजून दोन पानं वाचून घ्या. पण घरी तर तुमच्यासमोर एकच मूल आहे, वर्गभर मुलं नाहीत, मग ते नेमकं कुठे अडतंय हे आधी बघा ना. वाचन दोन ठिकाणी अडतं, एक म्हणजे अक्षरं ओळखून शब्द उच्चारणं आणि दुसरं त्याचा अर्थ लागणं. १९८६ साली गफ आणि टनमर या अभ्यासकांनी हे चक्क गुणाकार म्हणून मांडलं, दोन्हीतलं एक शून्य असलं की वाचन शून्य.

घरी ओळखायचं कसं? सारख्याच लेव्हलचे दोन उतारे घ्या, एक मूल वाचेल, एक तुम्ही वाचून दाखवा. ऐकलेलं सगळं सांगितलं आणि स्वतः वाचताना गाडी अडली तर प्रॉब्लेम अक्षरांचा. फाडफाड वाचलं पण विचारल्यावर गप्प, ऐकूनही गप्प, तर शब्द आणि माहिती कमी पडतेय, तिथे परत बाराखडी घोकून काही होणार नाही.

पाठांतराला वाचन समजणं ही आपल्याकडे फार होणारी चूक. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूल आरत्यांचं पुस्तक धरून सगळ्या आरत्या म्हणतं, ओळीवर बोटही फिरवतं आणि आजी खूश, बघा कसं वाचतंय! मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, लगेच कळेल. बाराखडीचंही तेच, सुटा 'कु' दाखवला की मूल मनातल्या मनात क पासून सुरू करतं. पाठ असणं वाईट नाही हं, उलट पाठ असलेल्या आरतीतच शब्द शोधायला लावा, आवाज माहीत असतो, फक्त अक्षराशी जोडायचा राहिलेला असतो.

आता जोडाक्षरं. 'त्याला जोडाक्षरं येत नाहीत' असं ढोबळ म्हणून सोडून देऊ नका, कुठलं येत नाही ते शोधा. रफार बोलताना आधी येतो पण लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, म्हणून 'कर्म'चं 'क्रम' होतं. 'कैऱ्या'तला र तर ओळखूच येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार नंतर. शिवाय घ-ध, भ-म, थ-य ही सारखी दिसणारी मंडळी आहेतच. आठवडाभर एका वहीत फक्त अडलेले शब्द लिहून ठेवा, जास्त करून एकाच जातीचे शब्द परत परत दिसतील, मग रोज पाच-सात मिनिटं तेवढंच घ्या. रफार असेल तर पर्वरी, चोर्ला, पर्ये ही आपल्या गोव्यातल्या गावांची नावं बसच्या पाटीवर नाहीतर रस्त्याकडेला दिसतील तिथे वाचायला लावा.

घरात कोंकणी आणि पुस्तक मराठी, लिपी एकच, त्यामुळे मूल 'मला'च्या जागी 'म्हाका' वाचतं आणि आपण मध्येच टोकतो. अहो, अर्थ लागलाय म्हणून तर म्हाका म्हणतंय ना ते! वाक्य पुरं होऊ दे, मग 'इथे काय लिहिलंय परत बघ' एवढंच बस. 'मला'चं 'माळा' वाचून, अर्थ बिघडला तरी पुढे गेलं, तर मात्र थांबवा. आणि वाचलेली गोष्ट कोंकणीत सांगितली तरी चालेल, समजलंय का हेच बघायचंय.

मूल वाचायला लागलं की वाचून दाखवणं बंद, हे तर अजिबात करू नका. ऐकून कळणारी गोष्ट बरीच वर्षं स्वतः वाचता येणाऱ्या गोष्टीपेक्षा वरची असते, नवे शब्द तिथूनच मिळतात. माहितीसाठी बाहेरही न्या, माटोळीची (चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती) रानफळं शोधायला रानात हिंडलेलं मूल रानावरचा धडा वेगळ्याच समजेने वाचतं.

पुस्तकांना खर्च करायलाच हवा असं नाही. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत मुलांचा विभाग आहे, स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर लेव्हलप्रमाणे मराठी गोष्टी फुकट आहेत, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही ऑनलाइन मिळतात. एका पानात पाचाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं, त्याला सोपं द्यायचं. प्रत्येक गोष्टीनंतर प्रश्नोत्तरं नकोत.

पुढे एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी करायची असेल तर १४ वर्षं पूर्ण झाल्यावर ती देता येते, आणि तिची पुस्तकं बरीचशी स्वतःच वाचून समजून घ्यायची असतात, त्यामुळे हे सगळं लहानपणीच झालेलं बरं.

एवढं करूनही ओळी सुटत असतील, पुस्तक नाकाजवळ धरत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. डोळे ठीक आहेत, नीट शिकवलंयही, आणि सात-आठ वर्षांचं होऊनही रोजचेच साधे शब्द पहिल्यांदा बघितल्यासारखे वाचतंय, तर लर्निंग डिसॅबिलिटीची, म्हणजे शिकण्यातल्या अक्षमतेची, तपासणी करा. इथे लक्षात आणून द्यायला शाळेतल्या बाई नाहीत, 'मोठं झालं की येईल' म्हणत वर्ष घालवू नका.