होळीच्या आत परसबाग

आमच्या खानदेशातल्या अंमळनेरला वसंत फार दिवस मुक्काम करत नाही. माघात पहाटे गोधडी सोडवत नाही आणि फाल्गुन सरेपर्यंत दुपारी अंगणात अनवाणी उभं राहवत नाही. पुढे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो. म्हणून मी बागेच्या कामाचा हिशेब तिथींवर ठेवते. वसंत पंचमी ते होळी, एवढे चाळीस दिवस आपले. या दिवसांत मुळांची जी सोय लावाल तिच्यावर झाड आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि पुढे मृगापर्यंत तग धरतं. नवीन पालवी बघून हरखून जायला होतं, मलाही होतं, पण आधी खाली मातीकडे बघा.

पहिला मान मोगऱ्याला. माझा मोगरा माहेरचा. आईने एक फांदी वाकवून मातीत दाबून कलम केलं होतं, ते मी लग्नानंतर दोन वर्षांनी घेऊन आले. तेव्हा सासूबाईंनी मला त्याची रीत शिकवली. माघ लागला की त्याचं पाणी तोडायचं. मला जीव थोडा व्हायचा, मी लपून तांब्याभर पाणी घालायचे. त्या अहिराणीत म्हणायच्या, "झाडले तीस लागू दे, मंग ते फुली." तीस म्हणजे तहान. आज इतक्या वर्षांनी सांगते, त्यांचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं आहे.

जमिनीतल्या मोगऱ्याचं पाणी आठ-दहा दिवस बंद ठेवा. पानं मलूल झाली, थोडी पिवळी पडली की राहिलेली पानं हाताने ओरबाडून काढा. मग धारदार कात्रीने झुडूप निम्म्यावर छाटा. वाळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळापासून काढा, म्हणजे मधून हवा खेळेल. बुंध्याभोवती वीतभर अंतरावर खुरप्याने माती हलकी करून बाजूला ओढा आणि दोन दिवस ऊन लागू द्या. तिसऱ्या दिवशी दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळून आळं बुजवा आणि भरपूर पाणी द्या. आठवड्याभरात तांबूस कोंब फुटतात. कळी त्या नव्या फुटीच्या टोकालाच येते, जुन्या फांदीवर येत नाही. म्हणून छाटणी करताना हात आखडता घेऊ नका. कुंडीतल्या मोगऱ्याला मात्र आठ दिवस उपाशी ठेवू नका, तिथे माती थोडी. तीन-चार दिवस पुरे, पानं लोंबली की थांबा.

"पूर्ण कुजलेलं" हा शब्द मी मुद्दाम घातला. एका वर्षी मला घाई होती. गोठ्यातून दोन पाट्या ओलं शेण आणलं आणि तसंच मोगऱ्याच्या आळ्यात भरलं. ओलं शेण मातीत कुजताना तापतं. वर ऊन, खाली ती ऊब. पंधरा दिवसांत नवे कोंब करपले. उकरून बघितलं तर मुळं काळी पडलेली आणि मातीत हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेटोळं करून बसलेल्या. माहेरचं ते झाड तेव्हा गेलंच. आईने शेजारणीला दिलेल्या एका कलमाचं कलम पुन्हा मागून आणलं, तोच वंश आज माझ्या दारात आहे. खत कुजलं की नाही ते ओळखायला सोपं आहे. मूठभर हातात घ्या. शेणाचा वास आला तर अजून वेळ आहे. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास आला आणि बोटांत चहाच्या चोथ्यासारखं भुरभुरलं, तर खुशाल वापरा.

आता कुंड्या. आपल्याकडची काळी माती शेतात सोनं आहे, कपाशी तिच्यावरच पिकते. पण कुंडीत ती एकटी भरू नये. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. सकाळी उन्हं येण्याआधी कुंडीच्या काठाशी बसून बघा. माती आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये एक फट दिसेल, करंगळीचं नख जाईल एवढी. आपण वरून तांब्या ओततो, पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि तळाच्या भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं, झाड धालं. मुळांचा गोळा मात्र आतून कोरडाच असतो. उन्हाळ्यात "रोज पाणी घालते तरी वाळलं" अशी जी झाडं जातात, त्यातली बरीच या फटीपायी जातात.

उपाय म्हणजे कुंडी या चाळीस दिवसांत बदलून घ्यायची. दोन दिवस पाणी तोडून झाड मातीसकट उपडं काढा. तळाशी गोल गोल फिरलेली मुळं दिसतील, ती जुनी कात्री फिरवून काढून टाका. मिश्रणाला दोन भाग काळी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं खत, आणि त्यात दोन-तीन ओंजळी भुईमुगाच्या शेंगांची चुरलेली टरफलं. टरफलांनी माती पोकळ राहते आणि ती हळूहळू कुजून खतही होतात. काठापासून दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर पाणी साचायला थाराच राहत नाही. बदलल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा. होळीनंतर हे काम करू नका. कापलेल्या मुळांना सावरायला वेळ मिळत नाही आणि वरून ऊन सोसवत नाही.

गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरमध्येच होते, आता फक्त वाळलेलं आणि काळं पडलेलं काढा. कढीपत्त्याचे शेंडे वीतभर खुडून टाका, तो बाजूने भरगच्च फुटेल. तुळस थंडीत काडीसारखी झालेली असते, तिच्या सगळ्या मंजिऱ्या काढा आणि त्यातलं बी कुंडीतच चुरडून टाका. लिंबाला मोहर आला असेल तर झाड हलवू नका आणि एकदम भरमसाट पाणी देऊ नका, फूल गळतं.

या दिवसांतला खरा शत्रू म्हणजे मावा आणि पिठ्या ढेकूण. जास्वंदीच्या शेंड्याला, पान जिथून फुटतं त्या बेचक्यात, कापसाचा बारीक पुंजका अडकल्यासारखा दिसतो. बोट लावलं तर चिकट लागतं. जवळून बघा, त्याच फांदीवर मुंग्यांची रांग असते. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात, त्याची राखण करतात आणि त्याला दुसऱ्या फांदीवर उचलूनही नेतात. म्हणून नुसती फवारणी करून भागत नाही. मी आधी मुंग्यांचं वारूळ शोधते आणि कुंडी विटांवर उचलून ठेवते. मग दात घासायचा जुना ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून प्रत्येक बेचकं घासते. फार भरलेला शेंडा असेल तर कापून पिशवीत बांधून टाकते, कचऱ्यात उघडा नाही. त्यानंतर निंबोळी अर्क. पावसाच्या तोंडावर गोळा करून वाळवलेल्या निंबोळ्या कुटायच्या, 50 ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने दोनदा गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. एका फवारणीत कोणाचंच समाधान होत नाही.

कोथिंबीर आता तुऱ्यावर येते. सगळी उपटू नका. एक-दोन ताटं फुलू द्या. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर ढालकिडे येतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. मावा हेच त्यांचं जेवण.

भाज्यांचं म्हणाल तर गिलकी (घोसाळी), गवार, भेंडी, चवळी, काकडी, आंबाडी यांचा हा काळ. पण थंडी पुरती ओसरू द्या. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात, तिथपर्यंत थांबलेलं बरं. गार मातीत भेंडीचं बी कुजून जातं. पहाटे वाफ्यात तळहात टेकवा. हात चटकन काढावासा वाटला तर अजून आठवडाभर थांबा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. गिलक्याची साल टणक, त्याला पूर्ण एक दिवस पाण्यात ठेवा.

गिलकी मी मुद्दाम पश्चिमेच्या बाजूला लावते. तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या बांधून भिंतीपासून हातभर लांब मांडव करते. एप्रिलमध्ये दुपारी तीनचं ऊन ज्या बाजूने येतं तिथे तोवर वेलाची हिरवी भिंत उभी असते आणि तिच्या आडोशाला कुंड्या राहतात. हिरवी जाळीही चालते, पण जाळीला गिलकी लागत नाहीत.

भरिताची वांगी आता संपत आलेली असतील. शेवटच्या झाडावरचं एक चांगलं, निरोगी वांगं तोडू नका. मोठं हिरवं वांगं झाडावरच पिवळं होऊ द्या. मग चिरून गर पाण्यात कुस्करा. तळाशी बसेल ते बी खरं, तरंगेल ते फेकून द्या. सावलीत वाळवून चुलीच्या राखेत घोळून ठेवा, पावसाळ्यात रोप टाकायला उपयोगी. जळगाव भागातल्या या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पण घरचं वाण आपण बी धरलं तरच घरात राहतं.

ताकद देण्यासाठी जीवामृत घरच्या मापात सांगते. दहा लिटर पाणी, अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत, वर फडकं बांधून, दिवसातून दोनदा काठीने ढवळत दोन दिवस ठेवा. एका मगाला दहा मग पाणी मिसळून ओल्या मातीत द्या. आठवड्याच्या आत संपवा.

आता पाणी. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे मी थेंबाथेंबाचा विचार करते. निसर्गाने यात एक मोठी मदत केली आहे. आपला कडुनिंब नेमका याच दिवसांत पान गाळतो. लोक ती पानं झाडून पेटवतात, मला ते बघवत नाही. सकाळी झाडलेली पानं पोत्यात भरा आणि प्रत्येक आळ्यावर, कुंडीवर चार बोटं जाड पसरा. बुंध्याला मात्र चिकटवू नका, तिथे ओल धरून साल कुजते. पाला कमी पडला तर केळीवाल्याकडे जा. घडांच्या खाली अंथरलेली केळीची वाळकी पानं तो आनंदाने देतो. पाल्याखाली दुपारी हात घालून बघा आणि शेजारच्या उघड्या मातीवर ठेवून बघा, म्हणजे पटेल.

मोठ्या वाफ्यात कुंभाराकडचं भाजलेलं, पण रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरते. त्यात पाणी भरून झाकण ठेवलं की ते झिरपत राहतं आणि भोवतालची मुळं तिकडेच धावतात. तीन-चार दिवसांनी भरलं तरी चालतं. कुंड्यांना पाणी पहाटे द्या, आणि एका दमात ओतू नका. आधी अर्धा तांब्या, पाच मिनिटांनी उरलेलं. पहिल्या पाण्याने माती फुगते, ती फट बुजते, मग दुसरं पाणी मुरतं.

आखाजीला माझ्या दोन्ही लेकी येतात. कडुनिंबाला झोका बांधलेला असतो, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं असतं. त्यांचे गजरे मी आदल्या संध्याकाळीच तयार करते. कळी पांढरी, टपोरी पण मिटलेली असताना, ऊन कलल्यावर खुडा. ओल्या पंच्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा आणि दिवेलागणीनंतर ओवा. रात्री त्या फडक्यातच उमलतात.