सिव्हिलायझेशन ६: विजयाचा मार्ग निवडताना या चुका टाळा

‘विज्ञानात मी पहिला होतो, खजिना भरलेला होता, सैन्यही कमी नव्हते, आणि तरीही हरलो,’ अशी तक्रार ‘सिव्हिलायझेशन ६’ हा राष्ट्रउभारणीचा संगणकीय खेळ खेळणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी करतो. तक्रार खरी असते. पण हा खेळ सर्वांगीण भरभराटीला जिंकवत नाही. २०१९ मधला ‘गॅदरिंग स्टॉर्म’ हा विस्तार (मूळ खेळात भर घालणारा भाग) धरला, तर सायन्स, कल्चर, डॉमिनेशन, रिलिजन आणि डिप्लोमसी असे विजयाचे पाच मार्ग आहेत आणि प्रत्येकाची अट स्वतंत्र आहे. सहावा मार्ग गुणांचा. तो ५०० टर्न (खेळाच्या फेऱ्या) संपेपर्यंत कोणीच जिंकले नाही तरच कामाला येतो. पुढचे आकडे याच विस्ताराचे आणि स्टँडर्ड वेगाचे आहेत.

सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणजे प्रत्येक शहरात सगळे काही बांधणे. लोकसंख्या १, ४, ७, १० अशी वाढेल तसतसा विशेष डिस्ट्रिक्ट (एका कामाला वाहिलेला शहराचा विभाग) बांधण्याचा एकेक परवाना मिळतो, म्हणजे सात लोकसंख्येच्या शहरात असे फक्त तीनच डिस्ट्रिक्ट बसतात. त्यांत विज्ञानासाठी एक कॅम्पस, कल्चरसाठी एक थिएटर स्क्वेअर आणि धर्मासाठी एक होली साइट घातली की कागदावर समतोल दिसतो. प्रत्यक्षात तिन्ही मार्गांवर आपण अर्धवट राहतो. शिवाय जसजसे नवे शोध लागतात तसतशी डिस्ट्रिक्टची किंमत वाढत जाते, त्यामुळे ‘नंतर बघू’ हा पवित्रा महागात पडतो. ज्या डिस्ट्रिक्टबद्दल खात्री आहे त्याचा पाया परवाना मिळताच घालून ठेवावा, कारण पाया घातला त्या क्षणीची किंमत कायम राहते. बांधकाम सवडीने पूर्ण केले तरी चालते.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे पहिले शहर वसवण्याआधीच, केवळ नेत्याकडे पाहून, मार्ग ठरवून टाकणे. आपल्याकडचे बरेच खेळाडू पहिला डाव साहजिकच भारत घेऊन मांडतात आणि भारत म्हणजे धर्मविजय असे गृहीत धरतात. गांधींच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण त्याच भारताचे दुसरे नेते चंद्रगुप्त शेजाऱ्याचा प्रदेश घेण्यासाठी युद्ध पुकारले की पहिले दहा टर्न सैन्याला अधिक चाल आणि अधिक बळ मिळवून देतात, म्हणजे त्यांचा कल उघडउघड आक्रमणाकडे आहे. काँगोचे नेते म्वेम्बा आ न्झिंगा यांना तर होली साइट बांधता येत नाही आणि स्वतःचा धर्मही स्थापन करता येत नाही. हे न वाचता धर्मविजयाचा बेत आखणारे लोक मी पाहिले आहेत. नेत्याचा कल हा इशारा मानावा, आज्ञा नव्हे. जवळ डोंगररांगा असल्या तर कॅम्पस भरघोस देतात, शेजारी दुबळा आणि अंगाला चिकटून असला तर तलवार स्वस्त पडते. माझ्या मते ६० व्या टर्नच्या आसपास एक अंदाज बांधावा आणि शंभराव्या टर्नपर्यंत तो पक्का करावा.

तिसरी चूक माझी स्वतःची. कोरिया घेऊन मी सायन्सच्या मार्गावर होतो, परग्रहाची मोहीम निघाली होती, प्रवासाची जेमतेम वीस प्रकाशवर्षे उरली होती आणि तेवढ्यात ग्रीसने कल्चर व्हिक्टरी मिळवली. जगाच्या क्रमवारीच्या पडद्यावर मी फक्त सायन्सचा रकाना पाहत होतो. खरे तर त्या पडद्यावरचे पाचही रकाने दर दहा-पंधरा टर्नांनी वाचले पाहिजेत, कारण कल्चर व्हिक्टरी बिनआवाजाने येते.

तिचे गणितही नीट समजून घ्यावे, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. आपले कल्चर हे जिंकण्याचे हत्यार नसून बचावाची ढाल आहे: डावात साठलेल्या दर १०० कल्चरमागे आपल्याला एक देशी पर्यटक मिळतो. जिंकायचे असते ते टूरिझमच्या (परदेशी पर्यटकांना ओढणाऱ्या आकर्षणाच्या) जोरावर, आणि आपल्याकडे येणारे एकूण परदेशी पर्यटक इतर प्रत्येक देशाच्या देशी पर्यटकांपेक्षा अधिक व्हावे लागतात. परदेशी पर्यटक मात्र महाग आहे. डावातल्या देशांच्या संख्येला २०० ने गुणावे, म्हणजे आठ देशांच्या डावात एका देशातून एक पर्यटक ओढण्यासाठी त्या देशावर १,६०० टूरिझम साठावे लागते. त्यामुळे ‘कल्चर एवढे असूनही विजय का सरकत नाही’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा कल्चरमध्ये नसतेच. ते व्यापारी मार्ग आणि खुल्या सीमा यांत असते. या दोहोंपैकी प्रत्येकामुळे त्या देशावरचे टूरिझम २५ टक्क्यांनी वाढते, आणि तरीही लोक आपले सगळे काफिले स्वतःच्याच शहरांमध्ये फिरवत बसतात. राष्ट्रीय उद्यानासाठी लागणारे निसर्गतज्ज्ञ आणि उत्तरार्धातले रॉक बँड हे दोघेही फेथ (धर्मातून मिळणारे चलन) देऊन विकत घ्यावे लागतात, हेही अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

धर्मविजय फसला, तर डाव टाकून देण्याची गरज नसते ती याच कारणाने: साठवलेला फेथ कल्चरकडे वळवता येतो. या मार्गावरची नेहमीची अडचण अशी, की मिशनरी विकत घेताना त्या शहरात बहुमत कोणत्या धर्माचे आहे ते पाहिले जात नाही. शहर परधर्मात गेले असेल, तर आपल्याच फेथने घेतलेला मिशनरी त्या परक्या धर्माचा प्रचार करत फिरतो. अशा वेळी आधी ॲपॉसलकडून (वरिष्ठ धर्मप्रचारकाकडून) इन्क्विझिशन, म्हणजे परधर्म हुसकण्याची मोहीम, सुरू करून घर सावरावे आणि मगच बाहेर पडावे. आठ देशांच्या स्टँडर्ड नकाशावर धर्म पाचच निघू शकतात, तेव्हा धर्म स्थापन करणाऱ्या प्रेषितासाठीची धावपळ उशिरा सुरू करणे म्हणजे हा मार्ग बंद करून घेणेच होय.

सायन्सची गाडी सहसा शोधांवर अडत नाही, ती उत्पादनावर अडते. एकट्या स्पेसपोर्टला (अंतराळतळाला) १,८०० उत्पादन लागते, आणि प्रत्येक शहर कॅम्पसने भरून टाकणाऱ्याकडे कारखान्याचे एकही दमदार शहर नसते. मोहीम निघाली की ५० प्रकाशवर्षे टर्नाला एक या गतीने कापायची असतात. लेसर स्टेशनच्या प्रकल्पांनी ही गती वाढते, म्हणून दुसरा स्पेसपोर्ट आधीच उभा असावा.

डॉमिनेशनसाठी सगळी शहरे नकोत, प्रत्येकाची मूळ राजधानी तेवढी हवी. वाटेतले प्रत्येक गाव जिंकत बसणाऱ्याची निष्ठेच्या दबावामुळे (रहिवाशांचा ओढा शेजारच्या देशाकडे वळल्याने) निम्मी गावे पुन्हा हातची जातात. वेळही पाहावी: बॅटरिंग रॅम (तट फोडणारा ओंडका) प्राचीन तटबंदीपुढेच चालतो, आणि स्टीलचा शोध लागला की प्रतिस्पर्ध्याच्या शहरांना आपोआप संरक्षण मिळते. त्या दोहोंच्या मधल्या काळात जे साधले नाही, ते मग बॉम्बर विमाने येईपर्यंत लांबते.

डिप्लोमसीत २० गुण लागतात आणि शेवटचे दोन-चार गुण सर्वांत चिवट असतात, कारण आघाडीवरच्या देशाचे दोन गुण कापण्याचा ठराव जागतिक काँग्रेसमध्ये (सर्व देशांच्या सभेत) आला की सगळे त्याच्यावर तुटून पडतात. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी (खेळात बांधायचे एक आश्चर्य) एकदम चार गुण देतो. म्हणून तो दोन-तीन टर्नांचे काम शिल्लक ठेवून थांबवावा, आणि १६ गुण हाती आल्यावर पुढची काँग्रेस भरण्याआधी पूर्ण करावा. दुसरा कोणी त्याच्या मागे लागला असल्याची शंका आली, तर मात्र वाट पाहू नये.