कोलिसिनचा झोन दिसला म्हणून लगेच नाचू नका

एमएस्सीच्या डेझर्टेशनला मी शिगेला सोनेई या बॅक्टेरियाचं कोलिसिन ई१ घेतलं होतं; कोलिसिन म्हणजे बॅक्टेरिया आसपासच्या बॅक्टेरियांना मारायला सोडतात ते प्रोटीन. तापमान, ग्लुकोज, शेकिंग बदलून बघायचं की कोलिसिन किती बनतं, बस. सोपं वाटलं म्हणूनच वाट लागली.

कल्चर ०.४ ओडीला (गढूळपणाचं माप) आलं की मायटोमायसिन सी टाका (हे औषध डीएनए बिघडवतं, मग बॅक्टेरिया कोलिसिन बनवतात), काही तास ठेवा, स्पिन करा, सुपरनेटंट (वरचं द्रव) फिल्टर करून लॉनवर, म्हणजे प्लेटवर वाढवलेल्या दुसऱ्या बॅक्टेरियाच्या थरावर, स्पॉट करा, हे तुम्हाला माहीतच असेल. माझे सगळे झोन (थेंबाखाली बॅक्टेरिया मेल्यावर पडणारे गोल) एकदम क्लिअर, ३० डिग्री असो की ३७, ग्लुकोज असो नसो, सगळे सेम टू सेम, आणि मी बिनधास्त लिहून टाकलं की कंडिशनने फरक पडत नाही. दोन महिने गेले.

आता नीट वाचा. लॉनला मी डीएच५अल्फा हा ई. कोलायचा लॅब स्ट्रेन घेतला होता, का तर फ्रीझर उघडला की तोच हाताला लागतो. त्याच्यात रेकए हे डीएनए दुरुस्तीचं प्रोटीन चालत नाही. मायटोमायसिन डीएनएचे दोन धागे एकमेकांत अडकवून टाकतं आणि ते दुरुस्त करायला रेकए लागतं, म्हणजे तो बिचारा सुपरनेटंटमध्ये उरलेल्या औषधानेच मरत होता, कोलिसिन असो नसो! ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरवर भरवसा ठेवू नका, ३३४ डाल्टनचा रेणू त्यातून सरळ निघून जातो.

कंट्रोल एकच हवा होता: बॅक्टेरिया न घातलेलं एलबी (वाढीचं द्रावण), तेवढंच मायटोमायसिन, तेवढेच तास इनक्युबेटरमध्ये, मग स्पॉट. सीनियरच्या प्रोटोकॉलमध्ये तो नव्हता. वहीत पाच वर्षं चालत आलेला प्रोटोकॉल म्हणजे वेदवाक्य नाही हो. आणि गाईडला विचारायला लाजू नका, मी लाजले, माझ्या सरांनी प्लेट बघून पहिला प्रश्न विचारला, "ट्रिप्सिन लावलंस का?" कोलिसिन प्रोटीन आहे, ट्रिप्सिनने झोन जायला हवा. माझा हलला पण नाही. तसाच राहिला तर औषध किंवा फाज (बॅक्टेरियाला मारणारा व्हायरस) समजा. फाज असेल तर डायल्यूट करत गेल्यावर सुटे प्लाक (छोटे छोटे गोल) दिसतात, कोलिसिनचा झोन नुसता फिका होत जातो.

घाबरू नका पण, मला नंतर तीनच आठवडे लागले. १० केडीएच्या ट्यूबिंगमध्ये रात्रभर डायलिसिस (छोटं औषध बाहेर जातं, कोलिसिन आत राहतं), लॉनला एमजी१६५५ (याच्यात रेकए चालतं), आणि झोनचा व्यास मोजत बसण्यापेक्षा दुप्पट-दुप्पट डायल्यूशन. मग कुठे ग्लुकोजवाल्या कल्चरचं टायटर (कितव्या डायल्यूशनपर्यंत झोन येतो ते) खाली आलेलं दिसलं, जे दिसायलाच हवं होतं, कारण ग्लुकोजने सीएएमपी (ई१ चा जीन चालू ठेवायला लागणारा छोटा रेणू) कमी होतो आणि ई१ दबतं.

मायटोमायसिनच्या ट्यूबला फॉइल गुंडाळा, उजेडात खराब होतं. आणि ग्लोव्ह्ज घाला, कॅन्सरचं औषध आहे ते.