हिमवादळात अडकल्यावर हेलिकॉप्टरची वाट कशी पाहावी

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्त्रताल परिसरात २२ जणांचा ट्रेकिंग गट हिमवादळात सापडला. हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणि पायी निघालेली बचाव पथके यांच्या प्रयत्नांनी १३ जण वाचले, नऊ जण मात्र दगावले. महाराष्ट्रातून दर वर्षी हिमालयात जाणाऱ्या गटांनी यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी, ती म्हणजे हेलिकॉप्टर वादळात येत नाही, हवा उघडल्यावर येते. अरुंद दरीत वैमानिकाला समोरचा डोंगर डोळ्यांनी दिसावा लागतो, आणि उंचावरील विरळ हवेत पंख्याची उचल व इंजिनाची ताकद दोन्ही घटत असल्याने लहान हेलिकॉप्टर एका फेरीत बहुधा एक-दोघांनाच उचलू शकते. त्यामुळे मदत मागितल्यानंतरही एखादी रात्र, प्रसंगी दोन, स्वतःच्या बळावर काढावी लागेल असे धरूनच चालावे.

निरोप जितका नेमका, तितका शोधाचा वेळ वाचतो. नेटवर्क असल्यास ११२ वर फोन करावा. फोन लागत नसेल तरी एसएमएस कधी कधी जातो. नेटवर्क नसतानाही मोबाइलचे जीपीएस चालते, म्हणून अक्षांश-रेखांश आधी कागदावर उतरवून घ्यावेत. त्यासोबत उंची, एकूण माणसे, जखमींची अवस्था, ढग व वारा आणि जवळ सपाट जागा आहे की नाही, हे कळवावे. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा फोन अंगालगतच्या खिशात ठेवावा. निरोप घेऊन माणसे खाली पाठवायची झाल्यास वाट दिसत असेल तरच पाठवावीत, किमान दोघांना पाठवावे, आणि सगळा तपशील चिठ्ठीवर लिहून द्यावा, कारण थकलेला माणूस आकडे विसरतो. सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही, हे निघण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

तोवर धारेवरून उतरून वाऱ्याच्या आडोशाला, पण हिमप्रपाताच्या वाटेबाहेर तंबू ठोकावा. गारठलेल्याचे ओले कपडे काढून कोरडे घालावेत आणि त्याच्या अंगाखाली मॅट आवर्जून घालावी, कारण पांघरूण कितीही असले तरी खालची जमीन ऊब ओढून घेते. हातपाय चोळू नयेत. माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तरच गरम, गोड पेय द्यावे. बसल्या जागी धाप लागत असेल आणि छातीत घरघर ऐकू येत असेल, तर उंचीमुळे फुप्फुसांत पाणी झाल्याची शक्यता असते; अशा वेळी वाट सुरक्षित होताच रुग्णाला खाली न्यावे. हेलिकॉप्टरच्या आशेवर त्याला त्याच उंचीवर बसवून ठेवणे ही मला सर्वांत घातक चूक वाटते.

हिमालयात पहाटे आकाश मोकळे असते आणि दुपारकडे ढग चढतात, म्हणून उतरण्याची जागा आदल्या दिवशीच हेरून ठेवावी. साधारण ३० मीटर लांब-रुंद, जवळजवळ सपाट आणि तारा-झाडांपासून मोकळी जागा पाहावी. ताजा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करावा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने तो उधळतो आणि ऐन टेकण्याच्या क्षणी वैमानिकाला काहीच दिसत नाही. मॅट, रिकाम्या पिशव्या, सुटे जॅकेट असे सगळे सॅकमध्ये कोंबून सॅकवर दगड ठेवावेत. उडालेले एक जॅकेट पंख्यात गेले तरी घात होतो. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून लांब काठीला रंगीत फडका पक्का बांधावा, पण काठी उतरण्याच्या जागेपासून बरीच दूर रोवावी. दोन्ही हात तिरपे वर करून इंग्रजी वाय आकारात उभे राहिल्यास ‘मदत हवी’ असा अर्थ होतो, तर एक हात वर व दुसरा खाली असल्यास ‘नको’. ओळखीचा हात हलवल्यासारखा हात हलवू नये, त्यातून वैमानिकाला काहीच कळत नाही.

हेलिकॉप्टर टेकले तरी खुणेशिवाय जागचे हलू नये. वैमानिकाला दिसेल अशा बाजूने, वाकून, उताराच्या खालच्या अंगाने जवळ जावे. चढाच्या बाजूला पंखा डोक्याच्या उंचीवर फिरत असतो आणि शेपटीचा पंखा फिरताना दिसतही नाही. ट्रेकिंगच्या काठ्या आडव्या, कमरेखाली धराव्यात. वरून दोर सोडला गेला तर हूक आधी जमिनीला टेकू द्यावा, कारण त्यात साठलेल्या विजेचा झटका बसतो. तो दोर खडकाला किंवा तंबूला कधीही बांधू नये.

कोण आधी जाणार, हे हेलिकॉप्टरचा आवाज येण्यापूर्वीच ठरवून नावे चिठ्ठीवर लिहावीत. पहिली फेरी गेल्यावर ढग पुन्हा दाटू शकतात, म्हणून शेवटचा माणूस उचलला जाईपर्यंत मागे राहणाऱ्यांजवळ तंबू, स्टोव्ह आणि स्लीपिंग बॅग राहू द्यावी.