रोड बाइकची चेन नेमकी किती लांब कापायची
आपल्या गोव्यात खारा वारा नि पावसाळा, चेन गंजते लवकर, त्यामुळे बदलायची वेळ येतेच, आणि नवीन चेन बहुतेक वेळा गरजेपेक्षा लांब येते, कापावीच लागते. जुनी शेजारी लटकवून मापायचं असलं तर कड्या मोजा, नुसती लांबी बघू नका, कारण वापरून जुनी ताणलेली असते. पण चोर्ला घाट चढायला म्हणून मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) टाकली असेल तर जुनं माप विसराच.

मग असं करा, चेन मागच्या डिरेलरमधून (गिअर बदलणाऱ्या भागातून) न घालता पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावरून घट्ट फिरवा, टोकं जुळतील तिथून एक इंच, म्हणजे एक आतली (अरुंद) नि एक बाहेरची (रुंद) कडी जास्त ठेवा. क्विक लिंक (चेनची टोकं जोडणारी, उघडता येणारी कडी) लावणार असाल तर ती बाहेरची कडी धरायची, म्हणजे चेनची दोन्ही टोकं आतल्या कडीची हवीत, इथेच बरेच जण फसतात (मीपण फसलोय, पणजीत भर उन्हात बसून परत मोजत होतो). शंका आली तर लांबच ठेवा बाबा, जास्तीची नंतर कापता येते, आखूड चेन मोठ्या-मोठ्यावर (पुढचं-मागचं दोन्ही मोठं चक्र) पडली तर डिरेलरच मोडू शकतो. शेवटी लहान-लहानवर टाकून बघा, चेन लोंबत नाही ना.