स्क्रीन काळी पडण्याआधी: लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड करताना ग्राफिक्ससाठी करायची तयारी

अपग्रेड पूर्ण होतं, लॅपटॉप रीस्टार्ट होतो, कंपनीचा लोगो दिसतो आणि त्यानंतर स्क्रीन काळीच राहते. किंवा चित्र येतं, पण अक्षरं भलीमोठी दिसतात, ब्राइटनेस हलत नाही आणि बाहेरचा मॉनिटर ओळखला जात नाही. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण असतं: नव्या सिस्टीमकडे त्या ग्राफिक्स चिपसाठी योग्य ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, नसतो. दुरुस्ती फारशी अवघड नाही, पण ती करायला स्क्रीन दिसावी लागते आणि नेमकी तीच बंद असते. म्हणून इथली तयारी एकाच प्रश्नाभोवती आहे: स्क्रीन गेली, तर हाताशी काय काय असायला हवं?

सुरुवात चिपच्या ओळखीपासून करा. लॅपटॉपवरचं स्टिकर किंवा बिलावरचं नाव पुरेसं नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खालच्या प्रत्येक नावाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि 'डिटेल्स'मधून हार्डवेअर आयडी उतरवून घ्या. त्यातला पहिला क्रमांक चिप कोणाची ते सांगतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. दुसरा क्रमांक नेमकी चिप सांगतो, तर पुढचा 'सबसिस' क्रमांक ती कोणत्या लॅपटॉप कंपनीने कशी बसवली आहे ते सांगतो. लिनक्सवर हीच माहिती टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय हा आदेश 'एनएनके' पर्यायासह (lspci -nnk) चालवल्यावर मिळते, शिवाय सध्या कोणता ड्रायव्हर वापरात आहे तेही कळतं.

एवढा काटेकोरपणा कशाला, तर नावं फसवतात. एनव्हिडियाची ८२०एम ही नावाने ८०० मालिकेतली असली तरी आतून जुन्या फर्मी पिढीची चिप आहे, ८४०एम मात्र नंतरच्या मॅक्सवेल पिढीची. ९२०एम या दोन्हींमधल्या केप्लर पिढीची आहे आणि तिची सख्खी शेजारीण ९३०एम पुन्हा मॅक्सवेल. हा फरक कागदोपत्री नाही. लिनक्सवर फर्मीसाठी ३९० ही शेवटची ड्रायव्हर शाखा, केप्लरसाठी ४७० आणि मॅक्सवेल, पास्कल व व्होल्टासाठी ५८०. जुन्या शाखा नव्या कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, जुळवून घेणं कालांतराने थांबतं. तुमची चिप कोणत्या शाखेत आहे आणि ती शाखा नव्या सिस्टीममध्ये मिळते का, याचं उत्तर 'नाही' आलं, तर अपग्रेडचा बेत तिथेच थांबवा किंवा त्या चिपशिवाय, फक्त प्रोसेसरमधल्या अंतर्गत ग्राफिक्सवर, काम भागेल का ते बघा.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन चिप्स असतात: प्रोसेसरमधलीच एक आणि वेगळी बसवलेली दुसरी. साधारणपणे स्क्रीनची तार प्रोसेसरमधल्या चिपला जोडलेली असते. वेगळी चिप चित्र तयार करते आणि ते पहिलीमार्फत स्क्रीनवर जातं. एचडीएमआयचं पोर्ट मात्र अनेकदा थेट वेगळ्या चिपला जोडलेलं असतं. म्हणून लॅपटॉपची स्क्रीन चालू आणि बाहेरचा मॉनिटर मुका, किंवा याच्या उलट, असे प्रकार घडतात. काही मॉडेलमध्ये स्क्रीन कोणत्या चिपला जोडायची ते बदलणारा मक्स स्विच असतो. तो आत्ता कशावर आहे ते बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) किंवा कंपनीच्या ॲपमध्ये पाहून लिहून ठेवा आणि अपग्रेडपुरता 'हायब्रिड'वर, म्हणजे दोन्ही चिप्स मिळून चालतील अशा पर्यायावर, आणा. वेगळ्या चिपचा ड्रायव्हर बसला नाही, तरी स्क्रीन चालू राहण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

आता चिपची तब्येत. अपग्रेडनंतरचे पहिले काही तास सिस्टीम फाइलींची सूची बनवत असते, अपडेट उतरवत असते आणि लॅपटॉप तापतो. आधीच कमजोर झालेली चिप याच काळात मान टाकते आणि खापर अपग्रेडवर फुटतं. २०११च्या काही मॅकबुक प्रोमधल्या एएमडी चिप्सचा बिघाड हार्डवेअरचाच होता. ॲपलने २०१५ मध्ये त्यासाठी दुरुस्ती योजना जाहीर केली. अशा चिपला कोणताही ड्रायव्हर वाचवत नाही. म्हणून जुन्या सिस्टीमवर असतानाच पंख्याची जाळी साफ करा, वीसेक मिनिटं ग्राफिक्सवर ताण देणारा एखादा खेळ किंवा चाचणी चालवा आणि बघा. रंगीत ठिपके, उभे पट्टे, अचानक गोठणं यांपैकी काही दिसलं तर अपग्रेड करू नका, आधी हार्डवेअर तपासून घ्या. हेच दोष बायोसच्या स्क्रीनवरही दिसत असतील, तर ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही, कारण तिथे ऑपरेटिंग सिस्टीमचा ड्रायव्हर चालूच झालेला नसतो.

बायोसची नवी आवृत्ती आली असेल तर ती अपग्रेडच्या आधी आणि वेगळ्या दिवशी घाला, चार्जर लावून. दोन्ही बदल एकाच बैठकीत केले आणि स्क्रीन गेली, तर कशामुळे गेली हे शोधायला दुप्पट वेळ लागतो. मात्र बायोस बदलण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, तात्पुरतं थांबवा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून किंवा छापून ठेवा. होम आवृत्तीतही हे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने आपसूक चालू असू शकतं, त्यामुळे 'आपल्याकडे नाही' असं गृहीत धरू नका. की ऑनलाइन खात्यात आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाकडे खातं उघडायला दुसरं उपकरण नसलं, की संपलं. खात्याचा पासवर्डही लिहून ठेवा; सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या दुरुस्तीच्या मोडमध्ये) पिन किंवा बोटाचा ठसा चालेलच असं नाही.

विंडोजसाठी ड्रायव्हर गोळा करताना तीन गोष्टी पेनड्राइव्हवर हव्यात. एक, लॅपटॉप कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला ग्राफिक्स ड्रायव्हर, दोन चिप्स असतील तर दोन्हींचा. दोन, चिप बनवणाऱ्या कंपनीचा त्याच चिपसाठीचा ड्रायव्हर. ब्राइटनेसच्या कळा, झोपेतून उठणं आणि चिप बदलणं या बाबतीत लॅपटॉप कंपनीचा जुना ड्रायव्हर अनेकदा जास्त भरवशाचा असतो, म्हणून आधी तो आणि न जमल्यास दुसरा. बसवतानाही आधी प्रोसेसरमधल्या चिपचा, मग वेगळ्या चिपचा. तीन, आत्ता नीट चालणाऱ्या ड्रायव्हरचीच प्रत. पीएनपीयूटिल या आदेशातल्या 'एक्सपोर्ट ड्रायव्हर' (pnputil /export-driver) सोयीने ती एका फोल्डरमध्ये काढता येते. हा पर्याय लोक विसरतात, आणि नेमका तोच ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून हटवलेला निघतो. सोबत बसलेला ड्रायव्हर मुळापासून काढणारं डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधनही ठेवा. दुसऱ्या पेनड्राइव्हवर, किमान ८ जीबीच्या, विंडोजचं इन्स्टॉलेशन मीडिया बनवा आणि लॅपटॉप त्यावरून खरोखर बूट होतो ना, ते एकदा करून बघा. डेटाचा बॅकअप लॅपटॉपबाहेर हवा, हे वेगळं सांगायला नको.

लिनक्सवाल्यांची तयारी जरा वेगळी. नव्या आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून त्यावर अर्धा तास काम करा: ब्राइटनेस, बाहेरचा मॉनिटर, झाकण बंद करून उघडणं. पण एनव्हिडिया असेल तर ही चाचणी अर्धीच धरा, कारण लाइव्ह सत्रात सहसा मुक्त नुव्हो ड्रायव्हर चालतो, तुम्ही नंतर वापरणार असलेला एनव्हिडियाचा नाही. ड्रायव्हर एनव्हिडियाच्या इन्स्टॉलर फाइलमधून हाताने बसवला असेल, तर अपग्रेडआधी तो काढून टाका. नव्या कर्नलसोबत तो आपोआप तयार होईल याची खात्री नसते. उबुंटूमध्ये अपग्रेड करताना बाहेरचे पीपीए (इतरांनी चालवलेली सॉफ्टवेअरची भांडारं) बंद केले जातात, म्हणजे तिथून घेतलेला ड्रायव्हर जुनाच राहतो. तोही आधी काढा आणि वितरणाच्या स्वतःच्या भांडारातला घाला. वेगळं बूट पार्टिशन असेल तर त्यात किमान ५०० एमबी मोकळे आहेत का बघा आणि जुने कर्नल काढा, पण एक चालणारा मागे ठेवूनच. जागा संपल्यामुळे नव्या कर्नलची इनिटरामएफएस (बूट होताना आधी लागणारी फाइल) अर्धवट बनली, तर मशीन बूटच होत नाही आणि माणूस ग्राफिक्सला दोष देत बसतो.

लिनक्सवर सिक्युअर बूट, म्हणजे स्वाक्षरी असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी बायोसमधली सोय, चालू असेल तर एका क्षणासाठी तयार राहा. ड्रायव्हरचं मॉड्यूल स्वाक्षरीशिवाय चढत नाही, म्हणून अपग्रेड किंवा ड्रायव्हर बसवताना तुमच्याकडून एक तात्पुरता पासवर्ड घेतला जातो. पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते आणि काही सेकंद कळ दाबण्याची वाट बघते. कोणतीही कळ दाबा, 'एनरोल एमओके' (स्वाक्षरीची की नोंदवा) निवडा, 'कंटिन्यू', मग 'येस', तोच पासवर्ड द्या आणि रीबूट करा. त्या वेळी चहाला उठलात, तर स्क्रीन निघून जाते, मॉड्यूल चढत नाही आणि वरवर पाहता ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही. पासवर्ड साधा ठेवा, फक्त इंग्रजी लहान अक्षरं आणि आकडे, कारण तिथे कीबोर्डचा लेआउट अमेरिकन असतो.

मॅकमध्ये ड्रायव्हर सिस्टीमसोबतच येतो, तो वेगळा मागे घेता येत नाही. तिथे तयारी दोनच गोष्टींची: ॲपलच्या यादीत आपलं मॉडेल आहे का, आणि टाइम मशीनचा पूर्ण बॅकअप. २०१८च्या मोजावे आवृत्तीपासून मेटल ही ॲपलची ग्राफिक्स प्रणाली चालवणारी चिप लागते आणि २०२१च्या मॉन्टेरीत केप्लर चिप्सचा ड्रायव्हर काढला गेला, त्यामुळे यादीबाहेरच्या मॅकवर जुगाड करून नवी सिस्टीम चढवणाऱ्यांनी ग्राफिक्सचा विचार सर्वांत आधी करावा.

प्रत्यक्ष अपग्रेडच्या दिवशी चार्जर लावा, डॉक, बाहेरचे मॉनिटर आणि यूएसबीवरून चित्र देणारे अडॅप्टर काढा, २०-२५ जीबी जागा मोकळी करा. खालच्या दुरुस्तीच्या पायऱ्या फोनवर किंवा कागदावर असू द्या.

स्क्रीन काळी राहिलीच, तर घाई करू नका. पहिल्या बूटला पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात. नंतर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसट खिडक्या किंवा अक्षरं दिसली, तर चित्र येतंय, फक्त मागचा प्रकाश बंद आहे. ब्राइटनेसची कळ वर न्या. काहीच दिसत नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, बऱ्याचदा छोटा बीप ऐकू येतो. बीप आला तर विंडोज जिवंत आहे. मग बाहेरचा मॉनिटर लावून बघा. तेवढ्याने भागलं नाही, तर लोगो दिसताच पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा. सलग दोन-तीनदा असं केलं की रिकव्हरीची स्क्रीन येते. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ दाबून सेफ मोड. बिटलॉकरची की मागितली जाते ती इथेच.

सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजर काय म्हणतो ते वाचा. 'रोल बॅक ड्रायव्हर' उपलब्ध असेल तर तेच करा, पण अपग्रेडनंतर ते बटण अनेकदा फिकटच असतं. मग नेट बंद ठेवून अनइन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि साध्या मोडमध्ये येऊन पेनड्राइव्हवरचा घाला. नेट चालू राहिलं तर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं आणि मेहनत पाण्यात जाते. साध्या मोडमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' हे नाव दिसलं, तर चिपला ड्रायव्हरच मिळालेला नाही, काळजी नको. डिव्हाइस मॅनेजरमधला 'कोड ४३' हा बिघाडाचा इशारा मात्र दोन वेगळ्या आवृत्त्यांचे ड्रायव्हर स्वच्छ बसवूनही येत राहिला, तर हार्डवेअरचा संशय घ्या. निळ्या स्क्रीनवर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' आलं, तर चिपने ठरलेल्या वेळेत, म्हणजे साधारण २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही आणि तिला परत उठवण्याचा प्रयत्नही फसला असा अर्थ.

लिनक्सवर बूट होताना एस्केप दाबून ग्रब, म्हणजे कर्नल निवडायची यादी, आणा आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. तो नीट चालला, तर बहुधा नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बनलेलंच नाही; नव्या कर्नलचं हेडर पॅकेज घालून डीकेएमएस (कर्नलसाठी मॉड्यूल बनवणारं साधन) पुन्हा चालवा. जुनाही चालत नसेल तर ग्रबमध्ये ई दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) लिहा आणि एफ१० ने बूट करा. हा फक्त आत शिरण्याचा रस्ता आहे. तो कायमचा ठेवला तर ब्राइटनेस, बाहेरचा मॉनिटर आणि वेग तिन्ही जातात.

सगळं सुरळीत झालं तरी विंडोज १० दिवस जुनी सिस्टीम जपून ठेवतं आणि तोवरच मागे फिरता येतं. ही मुदत त्या १० दिवसांच्या आत डिझम (DISM) आदेशाने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, नंतर नाही. तोवर डिस्क क्लीनअपमधून 'मागील विंडोज'च्या फाइली काढू नका. याच काळात झाकण बंद करून रात्रभर झोपवणं, बॅटरीवर तासभर व्हिडिओ, प्रोजेक्टरला जोडणं हे सगळं मुद्दाम करून बघा. आणि तपासताना 'शटडाउन' नव्हे, 'रीस्टार्ट' वापरा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउननंतर ड्रायव्हर नव्याने चढत नाही, आधीचीच अवस्था परत येते.